बारीक तंगूसवर मोठा कटला लागला तर

भाऊ, तुझा प्रश्न नीट वाचला. तू डिसेंबरात मित्रासोबत वडगावच्या धरणावर बसला होता, ७ फुटी रॉड, छोटी स्पिनिंग रील, ८ पाउंडांपर्यंत ताण सोसणारं साधं नायलॉन तंगूस म्हणजे गळाची दोरी, गळाला कणकेची गोळी. सकाळी पहिला मासा लागला तो सरळ धरणाच्या मधात पळत सुटला, ७०-८० मीटर तंगूस गेलं, स्पूल, म्हणजे रीलवरची तंगूस गुंडाळायची चकरी, रिकामा होताना पाहून तू घाबरला अन् ड्रॅग (किती जोर लागला की तंगूस सुटायचं ते ठरवणारा रीलचा ब्रेक) कसला, आणि कडाक. दुपारी दुसरा लागला, त्याला २० मिनिटं खेळवून काठापाशी आणला, पोट दिसलं, कटला होता, मित्र म्हणे ८ किलोच्या वर असंल, आणि दोन मीटरवरून तोही गेला. हातात आलेलं टोक स्प्रिंगसारखं गोल गोल झालेलं होतं. आता तू विचारून राहिला की २० पाउंडाचं घेऊ का, की ब्रेड, म्हणजे धाग्यांचं विणलेलं तंगूस, घेऊ.

माझं मत विचारशील तर जाड घेऊ नको. त्याच ८ पाउंडाचं नवीन तंगूस आण. तुझे दोन्ही मासे तंगूस बारीक होतं म्हणून गेले नाहीत, पहिला ड्रॅगमुळं गेला अन् दुसरा गाठीमुळं, आणि ह्या दोन्ही गोष्टी २० पाउंडाच्या तंगूसवरही तशाच झाल्या असत्या, फक्त थोड्या उशिरानं. शिवाय डिसेंबरात पाणी निवळ असते, कटला गोळी ओठानं चोखून पाहतो आणि जरा काही जड लागलं की थुंकून टाकतो, जाड तंगूस लावलं असतं तर ते दोन मासे तुझ्या गळाला आलेच नसते कदाचित. मी २५-२६ वर्षांपासून विदर्भातल्या तलावांवर अन् धरणांवर बसून राहिलो, त्यातली पहिली १० वर्षं मीही प्रत्येक तुटलेल्या माशानंतर जाड तंगूस घेत गेलो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक गैरसमज. ८ पाउंड म्हणजे ३.६ किलो, म्हणून लोक समजतात की त्यावर साडेतीन किलोचाच मासा येणार. विहिरीतून बादली काढली असशील ना कधी. बादली पाण्यात आहे तोवर एका बोटानं हलते, पाण्याच्या वर आली की मग हाताला वजन समजते. मासा तसाच. त्याच्या पोटात हवेची पिशवी असते, तो पाण्यात जवळजवळ बिनवजनी असतो, ८ किलोचा कटला पाण्यात असताना तुझ्या तंगूसला ८ किलो देतच नाही. तो देतो फक्त पळण्याचा जोर. आणि त्या जोरातला किती तंगूसपर्यंत पोचू द्यायचा हे तुझा ड्रॅग ठरवतो. ड्रॅग ९०० ग्रॅमवर सुटत असंल तर मासा ८ किलोचा असो की १८ चा, स्पूल फिरून राहिला तोपर्यंत ताण त्याच्याच आसपास राहणार. आयजीएफए म्हणून जी १९३९ पासूनची जागतिक संस्था आहे ती माशांचे विक्रम तंगूसच्या ताकदीनुसार वेगवेगळे ठेवते, २ पाउंडापासून १३० पाउंडापर्यंत, आणि तंगूसच्या ताकदीच्या ५ पट, १० पट, १५ पट, २० पट वजनाचा मासा काढणाऱ्यांची तिथं वेगळी नोंद होते. २० पट, भाऊ. तुझा तर सव्वादोन पटच होता.

मला हे पुस्तकातून नाही समजलं. माझं आजोळ भंडारा जिल्ह्यात, मालगुजारीच्या काळात बांधलेल्या तलावाच्या काठावर, ज्याला आपल्याकडे मामा तलाव म्हणतात. तिथं एक ढिवर काका गरी टाकायचे. बांबूची लांब काडी, टोकाला बांधलेलं तंगूस, ना रील ना ड्रॅग. मोठा मासा लागला की ते अख्खी काडीच पाण्यात सोडून द्यायचे! मी ओरडायचो, काका गेली काडी, काका गेली. ते आपले बसून तंबाखू मळायचे. काडी तलावभर फिरायची, कधी उभी व्हायची, कधी बुडायची, वापस वर यायची, आणि अर्ध्या तासानं कुठंतरी कमळाच्या पानांपाशी आडवी पडून राहायची. मग काका डोंग्यातून जाऊन काडी उचलायचे आणि मासा शहाण्या लेकरासारखा मागं मागं यायचा. तरंगणारा बांबू म्हणजेच त्यांचा ड्रॅग होता. माशाला सतत थोडा भार, पण झटका कधीच नाही. झटका नसला तर बारीक तंगूस तुटत नाही, हे मी वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षी डोळ्यानं पाहिलं, आणि पुढं रील हातात आल्यावर विसरलो.

नागपूरच्या पोराला हे खरं म्हणजे वेगळं सांगायला नको. संक्रांतीला गच्चीवर जो फक्त खेचतो त्याची पतंग आधी कटते, अन् ज्याला ढील कधी द्यायची ते समजते तो शेवटपर्यंत उडवते.

आता तुझा पहिला मासा. ड्रॅगचं एक गणित असते जे दुकानदार सांगत नाही. ड्रॅगचा ब्रेक स्पूलच्या अक्षावर असतो, आणि तंगूस सुटते स्पूलच्या कडेवरून. स्पूल भरलेला असला की ही कड अक्षापासून लांब असते, म्हणून कमी जोरात फिरतो. मासा तंगूस नेत गेला की स्पूलवरचा थर पातळ होत जातो, कड अक्षाजवळ येते, आणि तोच ड्रॅग, तू हातही न लावता, जास्त जड होत जातो. समजा भरलेल्या स्पूलचा व्यास ४५ मिलिमीटर होता आणि मासा पळाल्यावर ३० राहिला, तर ड्रॅग सरळ दीडपट. ९०० ग्रॅमचा झाला १ किलो ३५०. त्यात ८० मीटर तंगूस पाण्यातून ओढल्या जाते त्याचा भार वेगळा, मासा आडवा वळला की तंगूसचा पाण्यात कमानीसारखा झोल पडतो त्याचा आणखी वेगळा, वाकलेल्या रॉडच्या रिंगांमधलं घर्षण वेगळं. म्हणजे तू घाबरून ड्रॅग कसायच्या आधीच तंगूस त्याच्या हद्दीजवळ आलं होतं. त्या क्षणी करायचं ते नेमकं उलटं असते. स्पूल कमी होताना दिसला की ड्रॅग अर्धा-पाऊण फेरा सैल करायचा, आणि रॉड उभा धरला असंल तर तो माशाच्या दिशेनं खाली आणायचा म्हणजे रिंगांमधलं घर्षण कमी होते. मनाला पटत नाही, मला माहीत आहे. मासा दूर पळून राहिला आणि आपण त्याला आणखी सैल सोडायचं, हात ऐकत नाही. पण लांबवर गेलेल्या माशाला पाण्यातलं तंगूसच थकवत असते, तुला वेगळा ब्रेक लावायची गरज नाही.

आणि उठून चाल ना भाऊ. हे मी सगळ्यांना सांगतो, कोणी ऐकत नाही, सगळे दगडावर बसल्या जागी झुंजतात. वडगावचा काठ मोकळा आहे, मासा डावीकडे निघाला तर तू पण काठाकाठानं डावीकडे निघ, चालताना तंगूस गुंडाळत जा. ८० मीटरचे ४० झाले की स्पूल भरतो, ड्रॅग आपोआप हलका होतो, झोल कमी होतो, आणि मासा कुठं आहे हे तुला नीट समजते.

ड्रॅग किती ठेवायचा याला अंदाज नको, मोजायचा. तंगूसच्या ताकदीचा पाव हिस्सा, जास्तीत जास्त ३० टक्के. ८ पाउंडाला म्हणजे ९०० ग्रॅम ते १ किलो. वजनकाटा नसला तर एक लिटरची पाण्याची बाटली घे, गळ्यापर्यंत नको भरू, ९०० मिलीच्या आसपास भर, झाली ९०० ग्रॅम. बाटलीच्या मानेला तंगूस बांध, बाटली जमिनीवर ठेव, आणि रॉड ४५ अंशावर धरून हळूहळू वर उचल. रॉड वाकंल, बाटली जमिनीवरून सुटायच्या बेतात येईल, आणि बरोब्बर तिथं स्पूलनं टिक टिक करत तंगूस सोडायला सुरुवात केली पाहिजे. बाटली सरसर वर आली तर ड्रॅग जास्त आहे. बाटली हललीच नाही तर कमी. हे नेहमी वाकलेल्या रॉडमधूनच करायचं, नुसतं रीलपाशी तंगूस हातानं ओढून जो अंदाज घेतात तो खोटा निघते कारण रिंगांचं घर्षण त्यात येत नाही.

मोजतानाच आणखी एक गोष्ट पाहा. स्पूल सुटताना गुळगुळीत सुटते का अडकून मग एकदम झटक्यानं? ड्रॅगच्या आत चकत्या असतात, फेल्टच्या किंवा कार्बनच्या. त्या कोरड्या पडल्या, किंवा ड्रॅग कसूनच रील महिनोन्महिने कपाटात ठेवली, तर चिकटतात, आणि पहिल्यांदा सुटायला लागणारा जोर नंतरच्या जोराच्या दुप्पटही होऊ शकते. वैनगंगेवर माझा एक मासा असाच गेला, पाच सेकंदही नव्हता गळाला. तो कोणता होता ते शेवटपर्यंत समजलं नाही, फक्त पाण्यावर ताटाएवढा भोवरा दिसला आणि तंगूस सैल पडलं. घरी येऊन रील खोलली तर फेल्टची चकती दाबून पापडासारखी कडक झालेली. तेव्हापासून घरी आलो की पहिलं काम ड्रॅग पूर्ण सैल करणे, आणि सकाळी काठावर पहिली फेक टाकायच्या आधी हातानं चार-पाच वेळा तंगूस ओढून चकत्या मोकळ्या करणे.

मासा पळत असताना हँडल फिरवू नको. स्पूल सुटून राहिला आणि तू गुंडाळून राहिला तर तंगूस एक सेंटीमीटरही आत येत नाही, त्याला फक्त पीळ बसते, ५:१ गिअरची रील असंल तर हँडलच्या एका फेऱ्याला ५ पीळ. दहा मिनिटं असं केलं की पुढच्या फेकीला तंगूसचा गुंता हातात येणारच. पळतो तेव्हा पळू दे. थांबला की रॉड सावकाश मागं घे, मग रॉड खाली नेत नेत गुंडाळ, वापस सावकाश मागं. खाली नेताना सैल पडू द्यायचं नाही, कटल्याचं तोंड मऊ असते, गळानं केलेलं भोक मोठं होते आणि सैल पडलं की गळ निघून जाते.

आता थकवायचं कसं. बहुतेक लोक रॉड आभाळाकडे धरून ओढतात, त्यानं माशाचं डोकं वर येते पण तो सरळ रेषेत पोहतच राहतो, त्याची सगळी ताकद सरळ पोहायलाच बनलेली आहे. रॉड आडवा कर, पाण्याला समांतर, आणि मासा उजवीकडे जात असंल तर डावीकडे ओढ, तो डावीकडे वळला की रॉड पोटासमोरून फिरवून उजवीकडे. डोकं वळलं की शरीराला वळावंच लागते, आणि प्रत्येक वळणाला त्याचा दम जाते. त्याच ९०० ग्रॅमच्या ताणात आडवं ओढून मासा जवळपास अर्ध्या वेळात येते, हा माझा अनुभव. आणि मधात आराम नाही द्यायचा. तू लिहिलं की दुसरा मासा ‘मस्त शांत उभा होता, म्हणून आम्हीही पाच मिनिटं थांबलो, पाणी प्यायलो’. भाऊ त्या पाच मिनिटांत तू पाणी प्यायला आणि तो ताजा झाला. उभा असला की हळू, पण सतत ओढत राहायचं, त्याला एका जागी टिकू द्यायचं नाही.

त्या दुसऱ्या माशाचं टोक स्प्रिंगसारखं झालं होतं हे तू लिहिलं म्हणून फार बरं झालं, कारण तुटलेलं टोक सगळं सांगते. टोक खरखरीत, ओरखडे असलेलं असंल तर दगडाला किंवा खुंटाला घासलं. सरळ, ताणून बारीक झालेलं असंल तर खरंच ताकदीच्या वर ताण आला. आणि डुकराच्या शेपटासारखं गोल गोल झालं असंल तर गाठ सरकत सरकत सुटली, तंगूस तुटलंच नाही. म्हणजे तुझा ८ किलोचा कटला गाठ नीट नव्हती म्हणून गेला. बहुतेक तू गळाच्या डोळ्यातून काढून तीन पीळ देऊन मागं ओवून कोरडीच ओढली असंल, बरेच लोक तेच करतात. नायलॉन गुळगुळीत असते, तीन पिळात पकड बसत नाही, पाच-सहा तरी लागतात. आणि कोरडं ओढलं की घर्षणानं तापते आणि नेमकं गाठीतच कमजोर होते.

मी पालोमार गाठ मारतो, सोपी आहे, थंडीत बोटं बधिर असली तरी जमते. तंगूस दुहेरी करून गळाच्या डोळ्यातून काढायचं, त्या दुहेरीचीच साधी गाठ मारायची पण कसायची नाही, मग पुढं उरलेल्या फासातून अख्खा गळ काढायचा, थुंकी लावून ओलं करायचं आणि दोन्ही पदर धरून सावकाश कसायचं. कसताना पदर एकमेकांवर चढलेले दिसले तर कापून वापस मारायची, आळस नाही करायचा. मग गळ एखाद्या फांदीला अडकवून हाताला तंगूस गुंडाळून चांगलं ओढून पाहायचं, सरकायची असंल तर तिथंच सरकंल. आणि फेकताना कधी तंगूसला आपोआप साधी गाठ पडते, वाऱ्याच्या दिवशी फार, ती दिसली की तिथून कापायचं, ती एक छोटी गाठ तंगूसची ताकद निम्म्यावर आणू शकते.

तंगूस किती जुनं आहे ते तू लिहिलं नाही. नायलॉन उन्हानं मरते. आपल्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर पारा जाते, अन् रॉड-रील कारच्या डिक्कीत पडून असते, ते तंगूस पावसाळ्यात ८ पाउंडाचं राहिलेलं नसते. मी दर दिवाळीला नवीन भरतो, ८ पाउंडाचं साधं तंगूस काही महाग नाही. आणि दर माशानंतर शेवटचा दोन-तीन मीटरचा तुकडा नखावरून ओढून पाहतो, नखाला जरा खरखर लागली की कापतो.

काठापाशी मासे जास्त जातात, आणि त्याचं कारण साधं आहे. नायलॉन ताणते, तुटायच्या आधी २० टक्क्यांच्या आसपास लांब होते. ५० मीटर बाहेर असलं तर माशाचा झटका त्या ताणातच जिरते. दोन मीटर बाहेर असलं तर जिरायला जागाच नाही, झटका सरळ गाठीवर. आणि नेमकं तेव्हाच मासा आपल्याला, जाळीला, काठावर धावून आलेल्या मित्राला पाहते आणि शेवटची धाव घेते. म्हणून मासा रॉडच्या दोन-तीन लांबीच्या आत आला की ड्रॅग थोडा सैल करायचा, आणि जास्तीचा ब्रेक बोटानं द्यायचा, स्पूलच्या कडेवर तर्जनी हलकी टेकवून. पळाला की बोट उचललं, काम झालं. ड्रॅगचा खटका फिरवायला दोन सेकंद लागतात, बोट उचलायला काहीच नाही.

जाळीचं काम ज्याच्याकडे आहे त्याला आधीच समजावून सांग. जाळी आधी पाण्यात बुडवून स्थिर धरायची, उभं राहायचं नाही, बसायचं. माशाच्या मागं जाळी घेऊन धावायचं नाही, मासा जाळीवर आणायचा, डोकं आधी. त्यासाठी मासा आडवा पडून तोंड पाण्याच्या वर यायला पाहिजे, एकदा त्यानं हवेचा घोट घेतला की बराच ढिला पडते. तोंड वर आलं की रॉड मागं घेत घेत दोन पावलं मागं सरक, मासा घसरत जाळीवर येते, आणि मग मित्रानं उचलायचं. जाळीच्या दांड्यानं नाही उचलायचं, दांडा वाकते, तोंडाची गोल कड दोन्ही हातांनी धरून काठावर ओढायची. आणि तंगूस धरून मासा कधीच वर उचलायचा नाही. पाण्याच्या वर आला की बादलीचं पूर्ण वजन, ३.६ किलोच्या तंगूसवर ८ किलो.

ब्रेडबद्दल. ब्रेड बारीक असून मजबूत असते, पण ते जवळजवळ ताणतच नाही, म्हणजे वर सांगितला तो झटका जिरवायचा गुण त्यात नाही. शिकताना साधं नायलॉन जास्त माफ करते. घ्यायचंच असंल तर पुढं दीड-दोन मीटर नायलॉनचा लीडर जोड, आणि स्पूलवर आधी थोडं नायलॉन गुंडाळ, नाहीतर अख्खं ब्रेड स्पूलवर घसरत फिरते आणि ड्रॅग बिघडला असं वाटते.

बारीक तंगूस सगळीकडे चालत नाही हेही सांगतो. वडगाव, खिंडसी यासारखं मोकळं पाणी, तळाला माती, तिथं चालते. जिथं काठानं बेशरमाची झुडपं पाण्यात उभी आहेत, किंवा धरणात बुडालेल्या झाडांचे खुंट आहेत, तिथं नाही, कारण तिथं ढील द्यायची सोयच नसते, मासा पाच मीटरवर खुंटाला वळसा घालते. जलपर्णीत मरळ धरायची तर सरळ ३०-४० पाउंडाचं ब्रेड आणि ड्रॅग कसलेला, तिथं खेळवणे नाही, लागली की बाहेर ओढणे. मरळीला दात असतात, बारीक नायलॉन तिच्या तोंडात घासून जाते. आणि मोकळ्या पाण्यातही कधी मासा गवतात शिरला तर ओढू नको. तंगूस पूर्ण सैल सोड, बेल (रीलवरची तंगूस अडवणारी तार) उघडून ठेव, दोन-तीन मिनिटं थांब. ताण गेला की त्याला वाटते सुटलो, आणि बरेचदा तो ज्या वाटेनं शिरला त्याच वाटेनं बाहेर येते. तंगूस सरकताना दिसलं की मग गुंडाळ.

एक गोष्ट मी फार मनावर घेतो. मार्चनंतर, विशेषतः एप्रिल-मे मध्ये, मोठ्या कटल्यासाठी बारीक तंगूस लावू नको. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावते, ३० अंशाला साडेसातच, आणि दमलेल्या माशाला नेमका तोच जास्त लागते. अर्धा तास झुंजून त्याच्या अंगात लॅक्टिक अॅसिड भरलेलं असते, तू सोडला तरी तो खोल पाण्यात जाऊन मरते, आपल्याला फक्त दिसत नाही. मी स्वतः मे महिन्यात सोडलेला कटला दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच काठाला पालथा पाहिला आहे, ओठावर माझ्याच गळाची खूण होती. तेव्हापासून उन्हाळ्यात लावलं तर जाड, दहा मिनिटांत बाहेर, नाहीतर घरी. पावसाळ्यात कटला-रोहूच्या पोटात अंडी असतात, तेव्हाही मी थांबतो. थंडीतला मासा सोडायचा असंल तर हात ओले करून धर, पाण्यातच उभा धरून ठेव, शेपटीजवळ एक हात आणि पोटाखाली एक, तो स्वतः जोर लावून हातातून निघाला की मगच सोड.

बसायच्या आधी तलाव कोणाच्या ठेक्यावर आहे ते विचार, आपल्याकडे बरेच तलाव मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात, ते लोक त्यावर जगतात, सांगून बसलं तर चहासुद्धा पाजतात. पेंचमध्ये व्याघ्र प्रकल्पाच्या पाण्यात गळ टाकायचाच नाही. आणि कापलेलं तंगूस काठावर टाकू नको, खिशात घालून घरी आण आणि बारीक तुकडे करून कचऱ्यात टाक, बगळ्यांच्या पायाला अडकते.

आता वडगावला जायच्या आधी ह्या रविवारी एक कर. गच्चीवर किंवा मैदानात जा, रीलचा ड्रॅग बाटलीनं मोजून लाव, गळ लावू नको, तंगूसचं टोक एका रुमालाला बांध आणि रुमाल त्याच मित्राच्या हातात दे. त्याला म्हण पळ, कधी सरळ, कधी एकदम वळून, कधी थांबून अचानक झटका दे. तू डोळे मिटून उभा राहा, आणि हातानं फक्त ओळख की आता काय चाललं आहे, सुटून राहिलं की थांबलं, बोट कधी टेकवायचं, रॉड कधी खाली न्यायचा. मग तू पळ आणि तो रॉड धरंल, म्हणजे माशाच्या बाजूनं ९०० ग्रॅम किती जड असते तेही तुला समजंल. आठव्या-नवव्या खेपेला ओढ वाढली की रॉड आपोआप खाली जायला लागते.